लिंकनची तसबीर आणि सांगोल्याचा लाल बावटा

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार. ऊद मेथातल्या आमच्या शाळेत बारावीचा राज्यशास्त्राचा तास चालला होता. दुबईत दुपार होत आली होती, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अजून उजाडायचं होतं, आणि ट्रम्प निवडून येणार हे दिसू लागलं होतं. मागच्या बाकावरचा कोट्टयमचा मुलगा उठून उभा राहिला.

"मॅम, गुलामगिरी संपवली लिंकनने. लिंकन रिपब्लिकन होते. मग ज्या राज्यांत गुलाम राबत होते, तीच राज्यं आज रिपब्लिकन कशी? आणि काळे लोक लिंकनचा पक्ष सोडून दुसऱ्याला मत का देतात?"

पंचवीस वर्षं शिकवते आहे, पण इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल. "शंभर वर्षांत दोन्ही पक्ष आतून बदलले," एवढं सांगितलं आणि घंटा झाली. मुलगा वही आवरून निघून गेला. मला मात्र ते उत्तर पुरेसं वाटेना.

बरोबर सतराव्या दिवशी, शनिवारी २३ तारखेला, सुट्टी असूनही पहाटेच उठले. महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी तिकडे आठला सुरू होते, म्हणजे इथे साडेसहाला. चहाचा कप, समोर मराठी वाहिनी आणि कानाला फोन. फोनवर धाकटा भाऊ, सांगोल्याहून. माझं माहेर सांगोला तालुक्यातलं, माण नदीच्या काठचं. चार फेऱ्या झाल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, आबासाहेबांचा नातू चाललाय पुढं. आपल्या गावात लाल बावटाच हाय बघ."

आमच्या घरात तीन पिढ्यांनी तीन वेगवेगळ्या पक्षांना मतं दिली आहेत. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकांत शोधत होते, आणि त्याचा निम्मा भाग माझ्याच माहेरच्या भिंतीवर टांगलेला होता.

आधी इथलं सांगते. मी राहते तो ऊद मेथा हा दुबईचा जुना, दवाखान्यांचा आणि शाळांचा भाग. घरापासून चालत निघालं की सेंट मेरी चर्च लागतं, इंडिया क्लब लागतो, पाकिस्तान असोसिएशन लागते, अमेरिकन हॉस्पिटल लागतं. एकेकाळी माणसांनी भरून वाहणारा लॅम्सी प्लाझाही इथलाच. या देशात राजकीय पक्ष नाहीत. संघराज्याची राष्ट्रीय परिषद आहे, तिचे ४० सदस्य. त्यातले निम्मे २००६ पासून निवडून येतात, पण मतदार ठरवून दिलेले असतात आणि उमेदवार व्यक्ती म्हणूनच उभे राहतात. आम्ही इथे पाहुणे. आमचं राजकारण घरात, फोनवर आणि गावाकडच्या मतदारयादीत. २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर परदेशातल्या भारतीय नागरिकाला गावच्या यादीत नाव घालता येतं. माझं आहे. पण मत द्यायला त्या दिवशी त्या केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं, आणि २० नोव्हेंबरला बुधवार होता, शाळा चालू होती. मला जाता आलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे.

रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये जन्मला. गुलामगिरी पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत पसरू द्यायची की नाही, या वादात व्हिग नावाचा जुना पक्ष फुटून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी हा उभा राहिला. सहा वर्षांत लिंकन अध्यक्ष झाले. यादवी युद्धात दक्षिण हरली, गुलामगिरी संपली, आणि हरलेल्या गोऱ्या दक्षिणेने ठरवलं, लिंकनच्या पक्षाला मत द्यायचं नाही. १८७७ नंतर तिथे डेमोक्रॅटिक पक्षाची जवळपास एकहाती सत्ता आली. काळ्या नागरिकांची मतं करांच्या, परीक्षांच्या आणि दहशतीच्या जोरावर काढून घेतली गेली. 'भक्कम दक्षिण' असं त्या पट्ट्याला म्हणत. जॉर्जिया राज्याने १९६४ पर्यंत एकदाही रिपब्लिकन अध्यक्षाला कौल दिला नव्हता.

ज्या काळ्या लोकांना मत देता येत होतं ते लिंकनच्या पक्षाशी बांधलेले होते. मग १९२९ ची मंदी आली. १९३२ मध्ये पिट्सबर्गमधल्या काळ्या समाजाच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी आपल्या लोकांना सांगितलं, लिंकनची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते ऋण आता फिटलं आहे. चार वर्षांनी, १९३६ मध्ये, बहुसंख्य काळ्या मतदारांनी डेमोक्रॅट रूझवेल्टना मत दिलं. रोजगार, निवृत्तिवेतन, कामगार संघटनांना संरक्षण, या सगळ्याला 'न्यू डील' म्हणत. त्या एका छताखाली शहरातले कामगार, कॅथलिक, ज्यू, काळे आणि दक्षिणेतले काळ्यांचा द्वेष करणारे गोरे जमीनदार एकत्र बसले. ही माणसं एका पक्षात किती दिवस टिकणार होती? १९४८ मध्ये ट्रूमन यांच्या पक्षाने नागरी हक्कांची बाजू घेतली, तेव्हा दक्षिण कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड बंड करून स्वतंत्र उभे राहिले आणि त्यांनी चार राज्यं जिंकली. २ जुलै १९६४ ला जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. त्याच वर्षी थर्मंड रिपब्लिकन झाले. त्या कायद्याच्या विरोधात मत दिलेले रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर देशभर वाईट हरले, पण दक्षिणेतली पाच राज्यं त्यांनी घेतली. जॉर्जिया त्यातलंच एक. पुढे १९६८ मध्ये निक्सन यांनी आणि १९८० मध्ये रेगन यांनी तोच धागा उचलला.

मुलांना मी एक तपशील नेहमी सांगते, कारण पक्षांतराची खरी गती त्यात दिसते. अलाबामाने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला १९६४ ला. पण राज्याच्या विधिमंडळात त्या पक्षाला बहुमत मिळालं ते थेट २०१० मध्ये. वरचं मत आधी सरकलं. खालचं, म्हणजे शेरीफचं, काउंटीचं, गावच्या ओळखीपाळखीचं मत सरकायला छेचाळीस वर्षं लागली. बाप मेला, मुलगा कर्ता झाला, तेव्हा कुठे ते घर पूर्ण दुसऱ्या पक्षाचं झालं.

व्ही. ओ. की नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९५५ मध्ये या प्रकाराला एक कसोटी लावून दिली. मतदारांचे गट एका निवडणुकीत जोराने हलले पाहिजेत, आणि पुढच्या अनेक निवडणुकांत ते तिथेच टिकले पाहिजेत. दुसरी अट महत्त्वाची. नुसतं सरकार पडलं, लाट आली, तर त्याला फेरमांडणी म्हणायचं नाही.

ही कसोटी हातात घेऊन मी महाराष्ट्राकडे पाहते, तेव्हा आपण रोज टीव्हीवर ज्याला भूकंप म्हणतो त्यातलं बरंचसं गळून पडतं.

आमच्या जुन्या घरात ओटीवर क्रांतिसिंह नाना पाटलांची तसबीर आहे. आजोबांनी लावलेली. आजोबा शेकापचे, म्हणजे लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षाचे. हा पक्ष कुठून आला ते कळायला थोडं मागे जावं लागतं. सत्यशोधक चळवळीतून ब्राह्मणेतर पक्ष उभा राहिला होता. १९३० च्या दशकात केशवराव जेधे त्या पक्षाच्या बहुजन तरुणांना घेऊन काँग्रेसमध्ये गेले. पुण्यात जेधे आणि काकासाहेब गाडगीळ ही जोडी जमली, १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, आणि शहरी वकिलांची म्हणून ओळखली जाणारी काँग्रेस मराठी शेतकऱ्याच्या घरात शिरली. माझ्या मते विसाव्या शतकातल्या मराठी राजकारणातली पहिली खरी फेरमांडणी हीच. शाळेच्या पुस्तकात तिला दोन ओळीही मिळत नाहीत.

स्वातंत्र्य आलं त्याच वर्षी, १९४७ ला, जेधे आणि शंकरराव मोरे यांनी काँग्रेसमध्ये शेतकऱ्याला जागा नाही म्हणून शेकाप काढला. काही वर्षांत हे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. आजोबांसारखे अनेक मागेच राहिले. मग ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशींचे समाजवादी, डांग्यांचे कम्युनिस्ट, शेकाप, रिपब्लिकन होऊ घातलेलं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, शिवाय जनसंघ आणि हिंदू महासभा. एका मागणीसाठी इतकी टोकं एकत्र आली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला झोपवलं. काँग्रेस तरली ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर. द्वैभाषिकात ३९६ पैकी २३४ जागा तिने राखल्या. आजोबा सांगत, त्या मतदानाला माणसं वाजत-गाजत गेली होती.

१ मे १९६० ला राज्य मिळालं. १९६२ ला काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा! समितीचा मतदार कुठे गेला? तो घरी परतला. मागणी पुरी झाली होती, आणि यशवंतराव चव्हाणांनी 'बेरजेचं राजकारण' सुरू केलं होतं. शेकापचे, समाजवादी, रिपब्लिकन असे कर्ते लोक एकेक करून काँग्रेसमध्ये आणले जात होते. कीच्या कसोटीवर १९५७ टिकत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण आजोबांच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी निवडणूक होती.

ही बेरीज घराघरांतून कशी झाली याचं सर्वांत बोलकं उदाहरण बारामतीचं. शरद पवारांच्या आई शारदाबाई शेकापच्या. १९६० मध्ये बारामती लोकसभेची पोटनिवडणूक लागली, ती केशवराव जेध्यांच्याच निधनामुळे. शेकापने उभे केले पवारांचे थोरले बंधू वसंतराव. कॉलेजात शिकणाऱ्या शरदने प्रचार केला काँग्रेसचा. एका छताखाली दोन पक्ष तेव्हाही होते. पुढे २०२४ मध्ये त्याच बारामतीत पवार घराणंच एकमेकांसमोर उभं राहिलं.

आमच्या घरातही तेच झालं. वडील काँग्रेसचे झाले. त्यांनी नाना पाटलांच्या शेजारी यशवंतरावांची तसबीर लावली. आजोबांनी ती काढली नाही, पण तिला हारही कधी घातला नाही.

मग सांगोला का राहिला शेकापकडे? गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले. १९७२ आणि १९९५ हे दोन पराभव सोडले तर २०१९ पर्यंत तेच होते, अकरा वेळा निवडून आले, एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून. लोक त्यांच्या साधेपणाचं, एसटीच्या प्रवासाचं सांगतात. ते खरंच आहे. त्यात मी आणखी एक गोष्ट घालेन. आमचा तालुका कोरडा. ऊस थोडा. जिथे ऊस असतो तिथे शेतकऱ्याची तोड कधी येणार, टोळी कुणाच्या फडात आधी उतरणार, कर्ज कोणत्या सोसायटीतून निघणार, हे कारखान्याच्या चेअरमनच्या हातात असतं. चेअरमन ज्या पक्षात जाईल तिकडे मतदार जातो, कारण ऊस वाळून चालत नाही. आमच्याकडे पुढे डाळिंब आलं. डाळिंबाची पेटी व्यापारी बांधावरून उचलतो. ऊद मेथाच्या दुकानातही भारतीय डाळिंब मिळतं आणि मी ते हातात घेऊन उगाच पेटीवरचं गाव शोधते. चेअरमनवाचून ज्याचं पीक विकलं जातं, तो माणूस मताच्या बाबतीत जरा ताठ राहू शकतो. हे माझं मत आहे, पण आमचा तालुका बघून झालेलं आहे.

उसाच्या पट्ट्यात उलटं झालं. प्रवरानगरचं विखे घराणं घ्या. विठ्ठलराव विख्यांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने आशियातला पहिला म्हणून नावाजलेला सहकारी साखर कारखाना उभा केला. ते काम इतकं मोठं आहे की त्याबद्दल आदरच वाटतो. पण पुढच्या पिढ्या काँग्रेसमधून शिवसेनेत, शिवसेनेतून परत काँग्रेसमध्ये आणि २०१९ ला भाजपमध्ये गेल्या. दर वेळी वर्तमानपत्रांनी लिहिलं की जिल्ह्याचं राजकारण बदललं. मला वाटतं मतदार होता तिथेच होता, त्याच्या डोक्यावरची पाटी तेवढी बदलली.

१९७८ चं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार, याच जातीचं. जनता पक्षाला ९९, रेड्डी-चव्हाणांच्या काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. दोन्ही काँग्रेसने मिळून वसंतदादांना मुख्यमंत्री केलं, आणि १८ जुलैला सदतीस वर्षांचे शरद पवार बाहेर पडून जनता पक्ष, शेकाप वगैरेंच्या मदतीने मुख्यमंत्री झाले. आबासाहेब त्यात मंत्री होते. आजोबांना आयुष्यात प्रथमच आपलं सरकार आल्यासारखं वाटलं. ते फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं, त्या वर्षी इंदिरा काँग्रेसने १८६ जागा घेतल्या, आणि १९८६ ला पवार औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत काँग्रेसमध्ये परतले.

इथे अमेरिका आणि आपण यांच्यातला मोठा फरक सांगायला हवा. त्या मुलाच्या प्रश्नाची दुसरी बाजू तीच आहे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण हे सामान्य मतदार प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. १९६८ च्या शिकागो अधिवेशनातल्या गोंधळानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून या प्राथमिक निवडणुकाच अध्यक्षपदाच्या उमेदवारीचा निकाल लावू लागल्या. त्यामुळे नाराज माणसाला पक्ष सोडावा लागत नाही. मतदार सोबत असतील तर तो आतून पक्षच ताब्यात घेतो. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी, एकदाही सार्वजनिक पद न भूषवता, नेमकं तेच केलं. पाटी तीच राहिली आणि आतली माणसं, विचार, भाषा सगळं बदललं.

आपल्याकडे तिकीट वरून येतं. एबी फॉर्म ज्याच्या हातात तो उमेदवार. ज्याला मिळत नाही त्याच्यापुढे दोनच वाटा, गप्प बसणं किंवा बंडखोरी. १९९५ ला महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले. त्यांत काँग्रेसचे बंडखोर किती होते ते तेव्हा गावागावाला माहीत होतं. त्यात १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आला, २००३ ला तो आणखी घट्ट झाला, एकतृतीयांश फुटीची सवलत गेली. एकट्यादुकट्याला जाता येईना, म्हणून आता अख्खा पक्षच उचलून नेण्याची धडपड होते, आणि मूळ पक्ष कोणता, चिन्ह कुणाचं, याचा निकाल निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्हांच्या आदेशाखाली देतो. फेब्रुवारी २०२३ ला धनुष्यबाण आणि फेब्रुवारी २०२४ ला घड्याळ असंच हलवलं गेलं. अमेरिकेत हत्ती किंवा गाढव कुणाचं, असा खटला चालल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

मग महाराष्ट्रात मतदार खरोखर कधी हलला? माझं उत्तर १९९० आणि १९९५ असं आहे.

१९८९ ला शिवसेना आणि भाजपची युती झाली. प्रमोद महाजनांनी ती घडवली. दोघांचा इतिहास तोपर्यंत फार वेगळा. १९६६ ला स्थापन झालेली शिवसेना १९६८ च्या मुंबई महापालिकेत प्रजा समाजवाद्यांबरोबर होती, आणीबाणीत तिने इंदिरा गांधींना पाठिंबा दिला होता. भाजपच्या मागे जनसंघ होता, आणि वसंतराव भागवतांच्या काळापासून माळी, धनगर, वंजारी अशा समाजांना जोडून घेण्याचा 'माधव' प्रयोग चालू होता. गोपीनाथ मुंडे, अण्णा डांगे, ना. स. फरांदे ही माणसं त्यातूनच पुढे आली. काँग्रेसच्या बेरजेत ज्यांना कायम मागच्या बाकावर बसवलं होतं, त्यांना इथे पुढची खुर्ची दिसली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शिवसेना मराठवाड्यात गेली. विद्यापीठाच्या नामांतराला विरोध, औरंगाबादेतला हिंदू-मुस्लिम ताण, आणि तालुक्यातल्या घराण्यांवर चिडलेला बेकार तरुण, हे सगळं तिने आपल्याकडे ओढलं. मग मंडल आलं, अयोध्या आली, १९९२-९३ ची मुंबईची दंगल आली. नामांतराच्या काळात दलित वस्त्यांवर झालेले हल्ले आणि दंगलीत मेलेली माणसं बाजूला ठेवून हा इतिहास मला सांगता येत नाही. फेरमांडणी अनेकदा अशाच रागातून होते; अमेरिकेतही झाली.

१९९० ला काँग्रेसला १४१, शिवसेनेला ५२, भाजपला ४२. १९९५ ला काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५, आणि १४ मार्चला मनोहर जोशी मुख्यमंत्री. काँग्रेस नंतर सत्तेवर परत आली, तरीही मी याला टिकलेला बदल म्हणते, कारण बहुमताला लागतात १४५ आणि १९९० पासून २०२४ पर्यंत एकाही पक्षाला महाराष्ट्रात स्वबळावर ते मिळालेलं नाही. त्याआधी काँग्रेसला ते १९७८ सोडता दर वेळी मिळत होतं. रजनी कोठारींनी १९६४ मध्ये जिला 'काँग्रेस व्यवस्था' म्हटलं, ज्यात सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही एकाच पक्षाच्या पोटात असतात, ती आपल्याकडे १९९० ला संपली.

विदर्भ पाहिला की हे आणखी स्पष्ट दिसतं. १९५७ ला काँग्रेसला तारणारा, १९७८ च्या पडझडीत इंदिराबाईंच्या पाठीशी राहिलेला विदर्भ ही आपली 'भक्कम दक्षिण' होती. २०१४ ला तिथल्या ६२ पैकी ४४ जागा भाजपने घेतल्या. कारणं अमेरिकेच्या दक्षिणेची नाहीत, गती मात्र तशीच, पिढीपिढीने.

आमच्या भावाने नव्वदच्या त्या लाटेतच शिवसेनेचं काम सुरू केलं. त्याने ओटीवर तिसरी तसबीर लावली नाही. दारात भगवा लावला. वडील दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. आई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची.

२०१९ नंतरचं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे, म्हणून भरभर सांगते. पहाटेचा शपथविधी, महाविकास आघाडी, जून २०२२ ची शिवसेनेतली फूट आणि गुवाहाटी, जुलै २०२३ ची राष्ट्रवादीतली फूट. २०२४ च्या लोकसभेत ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, आणि अवघ्या सहा महिन्यांनी विधानसभेत महायुतीला २३०. भाजप १३२, शिंद्यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. याला फेरमांडणी म्हणायला मी अजून तयार नाही. सहा महिन्यांत इतका झुकणारा मतदार स्थिरावलेला नसतो. मराठा आणि ओबीसी आरक्षणाचा ताण, 'लाडक्या बहिणीं'च्या खात्यात जमा होणारे महिना १,५०० रुपये, मोडकळीला आलेला सहकार, यांतून काहीतरी घडतं आहे, पण ते टिकतं का हे दोन-तीन निवडणुकांनी ठरेल. तोवर रोज 'महाराष्ट्राचं राजकारण कायमचं बदललं' असं ओरडणाऱ्या वाहिन्यांवर माझा विश्वास नाही.

गुवाहाटीच्या हॉटेलातून झाडी, डोंगर आणि हाटेलाचं कौतुक करणारा जो फोन अख्ख्या महाराष्ट्राने ऐकला, तो आमच्याच तेव्हाच्या आमदारांचा. शहाजीबापू पाटील १९९५ ला काँग्रेसच्या तिकिटावर आबासाहेबांना हरवून आमदार झाले होते, नंतर अनेकदा हरले, शिवसेनेत गेले, आबासाहेबांनी उभं राहायचं थांबवल्यावर २०१९ ला त्यांच्या दुसऱ्या एका नातवाला ७६८ मतांनी हरवून पुन्हा आमदार झाले, आणि २०२२ ला शिंद्यांबरोबर गेले. पाट्या तीन, माणूस एक. आबासाहेब ३० जुलै २०२१ ला गेले. त्यांना ती गुवाहाटी पाहावी लागली नाही.

"ताई, झालं. आबासाहेबांचे नातू बाबासाहेब आले निवडून," भावाने दुपारी सांगितलं. त्याचा आवाज मला ओळखू येईना. मी विचारलं, "तू कुणाला दिलंस रे?" थोडा वेळ तिकडून काहीच नाही. मग म्हणाला, "आजोबाच्या तसबिरीकडं बघितलं आन् गेलो. आता इचारू नगं." उत्तर मिळालं होतं, मीही पुढे विचारलं नाही.

सोमवारी वर्गात गेले. फळ्यावर दोन ओळी काढल्या, एकीत १८६०, १९३२, १९६४, २०१०. दुसरीत १९३६, १९५७, १९९०, २०२४. कोट्टयमच्या मुलाला म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच आणायचं. घरी फोन कर. आजी-आजोबांनी पहिलं मत कुणाला दिलं, आईवडिलांनी कुणाला, आणि मधे बदललं असेल तर का. सांगायचं नसेल त्यांना आग्रह करू नकोस.

आठवड्याने एकतीस वह्या माझ्या टेबलावर आल्या. तिरुवनंतपुरम, सुरत, चेन्नई, लखनौ, कराची, एक मालवणची. त्या मुलाने तीन पानं भरली होती. त्याच्या आजोबांनी १९५७ ला नंबूदिरिपादांच्या कम्युनिस्टांना मत दिलं होतं, वडिलांनी आयुष्यभर काँग्रेसच्या आघाडीला दिलं, आणि कारण म्हणून त्याने लिहिलं होतं, 'रबराची किंमत आणि चर्च'. अभ्यासकांनी ग्रंथ लिहून जे सांगायचं ते त्याने चार शब्दांत सांगितलं होतं. मी त्याला दहापैकी दहा दिले.

हे वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ज्यांनी १९५७ ला मत दिलं ती माणसं आज नव्वदीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात, वाड्यावर, शेजारी असं कुणी असेल तर या महिन्यात त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. परदेशात असाल तर फोन करा. साल, गाव, चिन्ह आणि कारण एवढं वहीत उतरवून ठेवा. माझ्या आजोबांचं मी वेळेवर लिहून घेतलं नाही; या लेखात जे आलं आहे ते आईच्या आठवणीतलं आहे, आणि आईला आता सालं नीट आठवत नाहीत.